अंकुर चहाला छान म्हणाला

वऱ्हाडात कुणाला 'कसे आहात' म्हणून विचारलं आणि समोरच्यानं 'एकदम मस्त' असं उत्तर दिलं, तर विचारणारा आधी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहतो. याला ताप तर नाही ना? की काही मागायला आलाय? आमच्याकडची रीत अशी, की तब्येत ठणठणीत असो, पोरगी पहिली आलेली असो, संत्र्याला भाव असो, तरी माणूस म्हणणार, चालू हाय ना बा कसंतरी. आणि मग लगेच सुरू होणार. कंबर, सून, नळ, ऊन. ऐकणारा मान डोलवतो, आपलं रडगाणं त्यात मिसळतो आणि दोघं हलक्या मनानं आपापल्या वाटेला लागतात. हा आमच्याकडचा नमस्कारच समजा.

रागिणी भुयार हे सारं जाणून होती, कारण ती अमरावतीचीच. बडनेरा रोडवर एका टाइल्सच्या दुकानाच्या वर पुण्याच्या एका विमा कंपनीचं हेल्पलाइन ऑफिस आहे, त्याची ती मुख्य. राज्यभरातून तिथं फोन येतात. हप्ता भरला पण पावती नाही मिळाली, आईला दवाखान्यात भरती केलंय पण मंजुरी येत नाही, आणि रोज काही फोन असे, की ज्यांच्या घरातलं माणूस गेलेलं असतं. दिवसभर परक्याचं ऐकायचं, आवाज चढवायचा नाही, समोरच्यानं आईबहीण काढली तरी 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' म्हणायचं. ज्याला हे सोपं वाटत असेल त्यानं एक दिवस तो हेडफोन लावून पाहावा. सुरुवातीला पोट्टे टिकतच नव्हते. यायचे, बसायचे आणि पगाराआधीच गायब व्हायचे.

मग कुरकुर सुरू झाली. रागिणीनं सुरू केली असं तरी काय म्हणायचं, ती आपोआपच जमून आली. सकाळी फोन सुरू होण्याआधी सगळे चहाला जमायचे, शिपाई देवमन चहा आणायचा, आणि प्रत्येकानं एक तक्रार करायची. नवऱ्याची चालेल, पंख्याची चालेल, खुद्द रागिणीची तर हमखास चालेल. सल्ला द्यायला मात्र बंदी. कोणी 'अगं, मग तू असं कर ना' म्हणालं की त्याचा दुसरा कप बंद. 'चाल लवकर, कुरकुरीले उशीर होऊन राहिला,' असं जिन्यावर एकमेकांना हाका मारत पोरं वर यायची. पोटातलं सगळं ओकून फोनवर बसली की संध्याकाळपर्यंत गोड बोलायची, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी परत यायची.

कुरकुरीचा बादशहा होता अंकुर गावंडे. पोट्टा अकोल्याचा, अमरावतीत खोली करून राहायचा, रविवारी आईवडलांकडे जायचा. त्याचे वडील सूर्यभान एसटीत ड्रायव्हर होते. जन्मभर त्यांनी परतवाड्याची गाडी चालवली आणि रिटायर झाल्यावर जगातल्या झाडून साऱ्या ड्रायव्हरांना नावं ठेवणं एवढंच काम अंगावर घेतलं. पोरानं बापाची ती कला उचलली, आणि रस्त्यापुरती ठेवली नाही. देवमनच्या चहाला तर त्यानं एवढ्या वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. 'देवमनभाऊ, दूध टाकलं का म्हैस लांबून दाखवली?' असं विचारायचा आणि दोन कप प्यायचा. देवमनही पहिला कप त्यालाच द्यायचा, कारण अंकुरचं ऐकल्याशिवाय त्याला चहा केल्यासारखं वाटत नसे.

अशात उन्हाळ्यात पुण्याहून रश्मी दामले आल्या. कर्मचाऱ्यांचं मन:स्वास्थ्य बघायचं, हे त्यांचं काम. बाई मनानं फार चांगल्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुण्याची दिसली की लागले नावं ठेवायला, असं व्हायचं. त्यांनी मोडक्या खुर्च्या बदलायला लावल्या. जेवणाच्या वेळेत फोन बंद करवले. बाळंतपणाहून परतलेल्या प्रणालीला हवी ती वेळ मिळावी म्हणून वरच्यांशी भांडल्या. पण पहिल्याच सकाळी त्या कुरकुरीला बसल्या आणि घात झाला. प्रणाली म्हणाली, सासू जगू देत नाही. अफनान म्हणाला, या गर्मीत आपला तर जीव चालला. देवमन म्हणाला, आता हा गुडघा मला घेऊनच जाणार. अंकुर म्हणाला, इथं बसून बसून मी सडून गेलो, कोणीतरी बाहेर काढा रे. प्रत्येक वाक्याला बाकीचे खदाखदा हसत होते, आणि रश्मीताईंचे डोळे भरून येत होते. संध्याकाळी त्यांनी रागिणीचा हात धरला. इतकं सोसतात हो ही माणसं, म्हणाल्या, आणि वर हसतात.

रागिणीनं समजावून पाहिलं. प्रणाली आणि तिची सासू एका ताटात जेवतात, देवमन त्याच गुडघ्यानं रोज सायकल हाणत येतो. पण अमरावतीत समजावलेलं पुण्याला पोचेस्तोवर त्याचं काहीतरी भलतंच होतं. वरून ठरून आलं, दिवसाची सुरुवात तक्रारीनं नको. त्याऐवजी आनंदवर्तुळ. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, प्रत्येकानं एक चांगली गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. रागिणीला हे काही पटलं नाही. पण जी बाई आपल्या माणसांसाठी भांडली तिचं एवढं ऐकायला काय हरकत आहे, असा तिनं विचार केला आणि मान हलवली.

पहिल्या दिवशी सगळे शाळेत शिक्षा झाल्यासारखे एकमेकांकडे पाहत उभे. अफनान म्हणाला, आज इर्विन चौकाचा सिग्नल हिरवा मिळाला. टाळ्या. प्रणाली म्हणाली, आज सासू काही बोलली नाही. टाळ्या. देवमननं डोकं खाजवून सांगितलं की त्याला काहीच सुचत नाही आहे. त्यालाही टाळ्या मिळाल्या. पुढं पुढं सवय झाली. माणूस काय, कशालाही सरावतो.

आणि गणपतीच्या आधी सूर्यभान गेले. ओट्यावर बसल्या बसल्या गेले, कुणाला हाकसुद्धा मारली नाही. सगळं ऑफिस अकोल्याला जाऊन बसून आलं. अंकुरच्या आईजवळ, सत्यवतीबाईंजवळ, रागिणी दुपारभर बसली. तेरवी झाली आणि अंकुर कामावर आला. त्या सकाळी वर्तुळात त्याची पाळी आली तेव्हा सगळे खाली पाहायला लागले.

"आपण सगळे घरी आलात, त्याबद्दल मनापासून आभार," अंकुर म्हणाला. "मी आता अगदी ठीक आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्तुळाचा नियमच होता तसा.

तेव्हापासून अंकुर गोड झाला. मले-तुले गेलं, 'अवश्य' आलं, 'नक्कीच' आलं. माणूस गेलेल्या घरांचे फोन त्याच्याकडे आले की तो इतकं मऊ बोलायचा, की पलीकडची माणसं रडता रडता त्याला आशीर्वाद द्यायची. रागिणीनं पाहिलं, हा हे काम छान करतोय, म्हणून तसले सगळेच फोन तिनं त्याच्याकडे वळवले. महिन्याचा आनंदी चेहरा म्हणून त्याचा फोटो भिंतीवर लागला. रश्मीताई तर हरखून गेल्या. त्यांनी ठरवलं, कंपनीच्या पुण्यातल्या संमेलनात अंकुरनं आनंदवर्तुळावर बोलायचं आणि मग पुण्यालाच बदली घेऊन शाखाशाखांत ते शिकवत फिरायचं. अंकुर म्हणाला, अवश्य.

आता ऑफिसनं याचा काय अर्थ काढावा? आमच्याकडे ओळखीच्या माणसानं अचानक 'आपण' म्हटलं की समजायचं, एकतर हा चिडलाय, नाहीतर मोठा झालाय. भिंतीवर फोटो लागलेला, पुण्याचं ठरलेलं. म्हणजे मोठाच झाला. भाव खाऊन राहिला लेकाचा, असा निकाल लागला आणि त्याला डबा खायला कुणी बोलवेना. अफनान तर त्याचा अकोल्यापासूनचा दोस्त, दोघं रविवारी एकाच गाडीनं जायचे-यायचे. तो एक दिवस रागिणीच्या केबिनमध्ये येऊन बसला आणि बराच वेळ नुसता पेपरवेट फिरवत राहिला.

"मॅडम, म्या त्याले चार्जर देलं," शेवटी तो म्हणाला, "त तो मले 'धन्यवाद अफनान' म्हणे."

"मंग?"

"मंग काय? एवढ्या वर्षात 'आण इकडं' सोडून तो मले काही बोलला नाही. म्या त्याचं काय केलं, मॅडम?"

रागिणीला हसू फुटलं. पोरगा रडकुंडीला आलाय हे तिला दिसत होतं, तरी तिनं ते हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर तीही रुसली होती. हाताखाली वाढवलेलं पोर पुण्याला चाललं, तर जाण्याआधी एकदा नीट भांडून तरी जावं. हा आपला नक्कीच आणि अवश्य करत फिरतोय.

मग तो मिठाचा चहा झाला. देवमन चष्मा घरी विसरला होता. वर्तुळ संपलं, कप हातोहात गेले, आणि पहिल्याच घोटाला प्रणाली बेसिनकडे पळाली. अफनाननं आपला कप कुंडीत ओतला. रागिणीनं घोट तोंडात तसाच धरून देवमनकडे असं पाहिलं, की तो बिचारा दाराआड सरकला. साखरेच्या जागी मीठ, आणि तेही सैल हातानं. एकच गोंधळ उडाला. आणि मग सगळे सवयीनं अंकुरकडे वळले. रुसवे-फुगवे गेले चुलीत, असा चहा पुन्हा होणे नाही. आता हा देवमनची काय हजेरी घेतो, ते ऐकायला सारं ऑफिस कान टवकारून उभं राहिलं.

अंकुरनं कप रिकामा केला. शेवटच्या घोटापर्यंत सगळा प्यायला आणि कप ट्रेमध्ये ठेवला.

"छान झालाय," तो देवमनला म्हणाला, आणि जाऊन त्यानं हेडफोन चढवला.

कुणी हसलं नाही. या पोराला चव लागत नाही आहे, रागिणीच्या मनात आलं. कधीपासून लागत नसेल? आणि आपण याचा फोटो भिंतीवर लावून बसलो. देवमन ट्रे घेऊन तिथंच उभा होता, त्याचा चेहरा पडला होता. पोट्टा बरा नाही मॅडम, तो हळूच म्हणाला, बरा असता तर त्यानं मला सोडलं असतं का?

रागिणी सरळ अंकुरच्या टेबलाशी गेली, त्याच्या कानावरचा हेडफोन काढला आणि अफनानच्या हातात दिला. अफनान काही न विचारता त्याच्या जागी बसला. चल, अकोल्याला जायचंय, ती अंकुरला म्हणाली. तो म्हणाला, आज फोन बरेच आहेत, आपण उद्या...

"आपण-फिपण नको करू मले," रागिणी म्हणाली. "ऊठ."

गाडीत बसताना तिनं एक ठरवलं होतं. याला काही विचारायचं नाही. विचारलं की हा पुन्हा ठीक आहे म्हणणार. म्हणून बडनेरा मागं पडताच तिनं आपलीच कुरकुर सुरू केली. तिची आई पार्वताबाई टीव्ही एवढा मोठा लावते की शेजाऱ्यांना मालिका पाठ झाल्यात. पुण्याचे मेल वाचून वाचून डोळ्यांच्या खाचा झाल्या. आणि मग बोलता बोलता एक खरी तक्रारही निघून गेली. आजकाल तिला ऑफिसात करमत नाही. सगळे चांगलं चांगलं बोलतात, आणि कोण कसं आहे ते तिला काही कळेनासं झालंय. अंकुर खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत होता. मधूनमधून हो ना, हो ना म्हणत होता.

आता रागिणीचं गाडी चालवणं हा एक निराळाच विषय आहे. पाय कायम क्लचवर, ट्रक दिसला की आधी हॉर्न मग ब्रेक, आणि कोणता गिअर पडलाय ते गाडी बोंबलल्यावर बाईंना कळतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक ट्रक पुढं रेंगाळत होता. त्याला मागं टाकायला ती बाजूला निघाली, तेवढ्यात मागून एसटीनं जोरात हॉर्न दिला. ती घाबरून परत ट्रकामागं शिरली आणि गाडीनं असे आचके दिले, की दोघांची डोकी हलली.

"क्लच सोडा ना, मॅडम."

रागिणी चमकली.

"सोडा म्हणतो ना. चौथ्यावर उचलन का गाडी? तिसरा टाका. कोणं देलं तुमाले लायसन? माहे बाबा असते त इथंच उतरून पायी गेले असते अकोल्याले."

एवढं बोलला आणि अंकुर थांबला. बाबा असते तर. स्वतःच्या तोंडचं वाक्य त्यानं स्वतःच ऐकलं. रागिणीनं गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घेतली, आणि अंकुर रडायला लागला. तोंड झाकून घेणारं रडणं नव्हतं ते, हुंदके देत, गुडघ्यावर मुठी आपटत तो रडला. रागिणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रडू दिलं.

मग सारं निघालं. रोज फोनवर पलीकडचा माणूस सांगतो, वडील गेले. हा म्हणतो, आपल्या दु:खात आम्ही सहभागी आहोत. फोन ठेवला की पुढचा फोन, त्यांचेही वडील गेलेले. दर वेळी अंकुरला वाटायचं, सांगावं त्याला, लेका, माझेही गेले. पण तसं बोलायची मुभा नाही. घास घशाखाली उतरत नव्हता, झोप उडाली होती, जिभेची चव तर कधीच गेली होती. आणि सकाळी वर्तुळात चांगलंच बोलायचं. कुरकुर असती तर पहिल्याच दिवशी बापाला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो, तो म्हणाला. उलट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्या म्हटलं ठीक हाय," अंकुर म्हणाला, "आन तुमी मानलं. तुमाले त माहीत होतं ना मॅडम, मी कधीच ठीक नसतो म्हणून."

हे रागिणीला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. "ते फोन मीच देले तुले. चांगला बोलतो म्हणून देत गेली. तू कसा हायेस, ते पाहाचंच राहून गेलं."

तिलाही रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. हायवेवरून गाड्या भरधाव जात होत्या, आणि त्या दोघांना कसली घाई नव्हती. बऱ्याच वेळानं अंकुरनं नाक पुसलं, दार उघडलं आणि रागिणीच्या बाजूला येऊन उभा राहिला. सरका तिकडं, म्हणाला, गाडी मी घेतो, माझ्या मायला मी जिवंत पाहिजे. रागिणी मुकाट्यानं सरकली.

अकोल्याला पोचल्यावर तिनं सत्यवतीबाईंना सांगितलं, अंकुर आता इथंच राहील, फोन नाही अन् पुणेही नाही, बरं वाटेस्तोवर पगारी रजा. माउलीनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकरी टाकायला घेतली. रागिणी अंगणात गेली आणि तिनं रश्मीताईंना फोन लावला. भांडायच्या तयारीनंच. अंकुर संमेलनाला येणार नाही, आनंदवर्तुळ उद्यापासून बंद, माझं काय करायचं ते करा, असं तिनं एका दमात सांगितलं, आणि का ते सगळं सांगितलं.

"रागिणी, मी काय करून बसले गं?" रश्मीताई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? मीसुद्धा वर्षभर सगळ्यांना छान आहे, छान आहे म्हणतेय. कंटाळले मी."

मग बाई सुटल्या. संचालकांपासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत कुणाला म्हणून सोडलं नाही. रागिणी तुळशीजवळ उभी राहून ऐकत राहिली, एका शब्दाचा सल्ला न देता. शेवटी रश्मीताईच म्हणाल्या, वर्तुळाचं वरती मी बघते. अकोल्यातल्या एका चांगल्या डॉक्टर बाईंचा नंबर पाठवते, अंकुरला त्यांच्याकडे जाऊ दे, नुसत्या कुरकुरीवर भागवू नका. रागिणीला ते शंभर टक्के पटलं. सत्यवतीबाईंनी तिला जेवल्याशिवाय निघू दिलं नाही.

अंकुर परत आला तेव्हा अमरावतीत थंडी पडली होती. मधल्या काळात माणूस गेलेल्या घरांचे फोन पाळीपाळीनं सगळ्यांत वाटले गेले होते, आणि ज्याच्या स्वतःच्या घरी दु:ख झालंय त्याला ते द्यायचे नाहीत असं ठरलं होतं. भिंतीवरचा फोटो उतरला होता. देवमननं चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात अडकवला होता. सगळे कुरकुरीला नव्या खुर्च्यांवर बसले, आणि देवमननं पहिला कप अंकुरला दिला. सगळे इकडेतिकडे पाहत होते, पण लक्ष सगळ्यांचं त्या कपाकडे.

अंकुरनं घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"देवमनभाऊ, साखर टाकली का पोतं लांबून दाखवलं?"

देवमननं चष्मा पुसायला घेतला. पेत असशील त पे, नाही त ठेव, असं काहीतरी तो पुटपुटला. मग तक्रारी सुरू झाल्या. प्रणालीची सासू झाली, अफनानची थंडी झाली. रागिणी म्हणाली, हा पोट्टा नव्हता तर तिला ऑफिसात अजिबात करमलं नाही. ही काही तक्रार नव्हे, असा सगळ्यांनी निकाल दिला, पण तिचा दुसरा कप काही कुणी बंद केला नाही. मग अंकुरची पाळी आली. त्यानं रिकामा कप हातात फिरवला.

"माही तक्रार बाबांची हाय," तो म्हणाला. "जाचं होतं त सांगून जाचं ना. रविवारी मी येनारच होतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी सल्लाही दिला नाही. अफनान खुर्ची सरकवून त्याच्याजवळ येऊन बसला, 'आण इकडं' म्हणून त्यानं अंकुरच्या हातातला कप घेतला आणि देवमनपुढं धरला.